अर्धं चुकलेलं सूत्र

मुलुंडच्या क्लासमध्ये चालत्या विद्युतभारावरचं चुंबकीय बल शिकवताना मी त्याचा इतिहास मुद्दाम सांगते. इंग्लंडातल्या एका हुशार विद्वानाने ते पहिल्यांदा गणिताने काढलं, पण उत्तर आलं अर्धंच. चूक सुधारली एका तऱ्हेवाईक माणसाने, जो तारखात्यातली नोकरी सोडून घरी बसला होता आणि कॉलेजची पायरीही चढला नव्हता. आणि सूत्राला नाव लागलं हॉलंडच्या तिसऱ्याच माणसाचं. आहे की नाही कमाल!

अकरावीत ही गोष्ट वाचून मी आधी बाबांना सांगितली, हीच माझी अक्कल. बाबा घाटकोपरला विजेच्या मोटरी रिवाइंड करायचे, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायचे. मिलची नोकरी सुटल्यावर बघून बघून शिकलेले. प्रचंड खूश झाले. "बघ! शिकलेलेच माती खातत." त्यानंतर मी पुस्तक उघडलं की थप्पड, आणि वर हीच गोष्ट. त्यांनी एकदा तरी 'तुझं बरोबर' म्हणावं म्हणून मी जीव टाकायचे.

इतर कारागीर तारेच्या टोकांना दोऱ्याच्या गाठी मारतात, कुठलं टोक कुठलं ते कळावं म्हणून. बाबा मारत नसत. "माझो हात इसरना नाय."

त्या दुपारी धार लावायच्या ग्राइंडरसाठी गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं. बाबांनी घाईत मोटर जोडली, दगड चढवले, पत्र्याचं कव्हर बाजूलाच राहिलं. मोटर सुरू करणाऱ्या स्टार्टिंगच्या तारेची टोकं उलटी जोडली गेलेली मला दिसली.

"बाबा, दगड उलटा फिरेल. नट सुटेल."

कानफटात अशी बसली की ओठ फुटला. "काय गो, शाणी झालंस? त्या शिकलेल्याचा अर्धा चुकला, तुझा आख्खा चुकतला!" आणि त्यांनी बटण दाबलं.

दगड उलटा फिरला. नट सैल होत गेला आणि दगड उडून बाबांच्या तोंडावर बसला. गाल फाटला, दात दिसायला लागले, डावा डोळा फुटला. भिंतीवर, तारांवर, माझ्या फ्रॉकवर रक्त. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच: माझं बरोबर होतं.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी ते बोलले. मला वाटलं, आता म्हणतील.

"तुका म्हायत होता ना?"

"हो, बाबा."

"मगे मेन स्विच कित्याक पाडूक नाय? तुझ्याच हाताशी होतो."

मी हात वर नेला होता. तेवढ्यात फुटलेल्या ओठाला जीभ लागली, आणि मी तो खाली घेतला.