सेलवर भरलेली कॅसेट

लूमखाली तुटलेल्या धाग्यांचा गुंता साठतो ना, तसे आम्हा सुरतेजवळच्या उधन्यातल्या खानदेशी मंडळींचे किस्से साठलेत. एक ओढला की दहा निघतात. आता सांगतोय ते प्रकाशचे. तापीमायची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! म्हणजे, एक जागा सोडून. ती कुठली ते शेवटी सांगेन. आठवलं तर.

प्रकाश माझ्याच गावचा, सुरतेत माझ्याच खोलीतला. नव्वदचं दशक ते. लूमवर आम्ही तिघं, दोन पाळ्यांत. एक उठला की दुसरा त्याच गादीवर, त्यामुळे आमची गादी कधी गार म्हणून झाली नाही!

या प्रकाशने आईची दुभती बकरी विकून गिटार घेतली आणि सुरत गाठली. आई, म्हणजे सोनामाय, तेव्हापासून बोलणं टाकून बसलेली. गावाकडून कुणी आलं की तिचा एकच निरोप: "बकरी दूध तरी देत व्हती! हाई लाकूड काय देस, इचारा त्याले!"

प्रकाश ऐकून घ्यायचा आणि तारा पिळायचा. "मी कॅसेट काढणार. ती आईनं ऐकली, बोलली, की गावी जाईन. तोवर नाही."

* * *

कॅसेट कसली, तर रॉकची! त्यात जात्यावरच्या अहिराणी ओव्या, शेजारच्या चाळीतल्या भीमगीतांचा ठेका, खालच्या मजल्यावरचा गरबा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर गिटार.

घरमालकीण हंसाबेन एकदा जिन्यात थांबल्या, बाकीचे बँडवाले शोधत. "प्रकाशभाई, बीजा बँडवाळा क्यां छे?"

"हुं ज बँड!"

हा एकटाच बँड, खरंच होतं ते. गिटार हातात, खंजिरी डाव्या पायाला, गाणं तोंडात. आमचा तिसरा गादीदार नामदेव पहिलं गाणं ऐकून म्हणाला, "लेका, एकाच गाण्यात लगीन, गरबा आणि मारामारी!"

प्रकाशला ती तारीफ वाटली. अजून वाटते.

* * *

आता ही कॅसेट भरायची कुठे? करंट असला की गल्लीभर लूम खडखडणार. आठवड्यातून एक दिवस कारखान्यांना लाइटची सुट्टी, तेव्हा काय ती शांतता. पण शांतता असली की करंट नाही! म्हणून सगळं सेलवर. दोन टेप मागून आणले. एकावर आधी भरलेली गिटार वाजायची, तिच्यासमोर हा गायचा, आणि दुसरा टेप दोन्ही भरून घ्यायचा.

पहिल्याच सुट्टीला गाडी अडली. "ठेका सापडत नाही रे. इतकं गप्प असल्यावर माणूस गाणार कसा?"

मग नामदेव आणि मी लूमवरचा एकेक लाकडी धोटा घेतला आणि फळीवर खटाखट, खटाखट! आठवडाभर लूम चालवायचा, आणि सुट्टीला स्वतः लूम व्हायचं!

कव्हरवर याने झोकात लिहिलं: सर्व वाद्ये, प्रकाश.

नामदेव भडकला. "आणि आम्ही कोण?"

"तुम्ही वाद्यं!"

* * *

पहिला कार्यक्रम कारखान्यात, चालू पाळीत. त्या खडखडाटात आमचं बोलणं हातांनी आणि ओठांनी चालतं. कान फक्त शोभेला. प्रकाशने बटण दाबलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, अंगठे दाखवले. एका कारागिराने तर डोळे पुसले!

सुटल्यावर प्रकाशने त्याला गाठलं. "दादा, कोणतं गाणं लागलं मनाला?"

"गाणं? डोळ्यात सुताचं तूस गेलं होतं रे. टेप चालू होता का?"

* * *

कॅसेटवाला वेगळ्याच पेचात. भक्ती, गरबा, फिल्मी, लग्न असे त्याचे खण. "भाई, आने क्यां मूकुं?" शेवटी लग्नाच्या खणात ठेवली. एक खपली. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परत.

"काय दिलंस हे? अर्धं वऱ्हाड नाचायला उठलं आणि मधेच रडायला बसलं!"

प्रकाशने त्याला चहा पाजला आणि तीनदा विचारलं, "रडलं कोण? बाया होत्या का? म्हाताऱ्या होत्या?"

* * *

शेवटी आखाजीच्या सणाला मी गावी निघालो, तेव्हा कॅसेट माझ्याकडे दिली. स्टेशनवर म्हणाला, "आई काय बोलते ते जसंच्या तसं सांग. तू पदरचं घालतोस."

सोनामायच्या ओसरीवर टेप लावला. ती ज्वारी पाखडत होती. मान वर नाही. गरबा गेला, मारामारी गेली, सूप चालूच. बी बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे तिचीच ओवी. ती भरताना सेल उतरत आले होते, टेप रेंगाळत फिरला होता. त्यामुळे आता नव्या सेलांवर प्रकाशचा आवाज निघाला तो भरभर, बारीक, पोरासारखा. मी बंद करायला हात पुढे केला.

सूप थांबलं.

"हाऊ मना पोऱ्याना धाकलपनना आवाज शे," सोनामाय म्हणाली. "तुनाकडे हाऊ कोठून?"

सुरतेत येऊन हे सांगितलं. प्रकाश उठला. गावी जायची पिशवी भरायला लागला.

तर सुरुवातीला म्हटली ती एक जागा. ते वाक्य माझं. सोनामाय एक अक्षरही बोलली नव्हती. गाणं संपलं, टेप खट् करून बंद पडला. बाहेर वारा सुटला होता. ती उठली, आतून गोधडी आणली, टेपला नीट पांघरली आणि परत पाखडायला बसली.