मांडीवरची जागा

गाडी घरी आली तेव्हा सासऱ्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मागच्या सीटवर चादर घातली. आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि बसायला-झोपायला कायम आपल्याच मागावरची चादर. नवी सीट मळेल, उन्हात तापेल, म्हणून त्यांनी चांगली जाडजूड, मोर काढलेली चादर आणली आणि तिच्या कडा सीटच्या फटीत अशा गच्च खोचल्या की सुरकुती दिसेल तर शपथ. मागच्या बेल्टची बक्कलं त्याच फटीत होती. ती चादरीखाली गेली आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी काय फरक पडणार होता? मागे बसून बेल्ट लावतंय कोण आमच्याकडे? लावलाच तर लोक विचारतात, का हो, नवऱ्यावर भरवसा नाही काय.

मी शाळेत शिकवते. वर्गभर पोरं एका नजरेत गप्प करते. पण गाडी अक्कलकोट रोडला लागली की माझे तळहात ओले होतात. उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध डुलत चाललेले, मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना ना दिवा ना लाल पट्टी. दुचाकीवर चौघं, तीही उलट्या बाजूने. प्रत्येक वळणाला माझा जीव टांगणीला. नवऱ्याला म्हटलं, हळू चालवा, तर त्याचं ठरलेलं उत्तर, "तुझी शाळा घरी ठेवून येत जा की." याचा मला असा राग यायचा की बोलायची सोय नाही.

त्या दिवशी नणंदेच्या बाळाचं बारसं होतं, अक्कलकोटला. निघायला उशीर झाला, आणि तो भरून काढायचा म्हणून नवऱ्याने पाय दाबला. पुढे त्याच्या शेजारी सासरे. त्या दोघांचे बेल्ट लावलेले, कारण पोलीस पुढचेच बघतात. मागे मी, आणि मांडीवर माझी तीन वर्षांची लेक. मी तिला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. आई आहे मी, माझ्या हातातून कुठे जाईल, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

दुपारचे बारा, लख्ख ऊन. नणंदेचा फोन आला. नवऱ्याने फोनकडे एकदाच बघितलं, आणि तेवढ्यात पुढे उसाची ट्रॉली उभी. टायर फुटून जागच्या जागी थांबलेली. खूण म्हणून मागे रस्त्यावर बाभळीची एक फांदी टाकलेली. त्याने ब्रेक मारला.

मी हात सोडले नाहीत. आजही मी शपथेवर सांगेन. पण माझे हात जिथल्या तिथे होते आणि पोरगी त्यांत नव्हती. ती दोन सीटांच्या मधून पुढे गेली आणि गिअरवर आपटली. गाडी ट्रॉलीच्या चार हात अलीकडे थांबली होती. पोरगी रडेना. तिचं ते न रडणं मी कधी विसरणार नाही. मनात एकच, रड गं बाई, एकदा रड.

मग ती रडली. भुवईवरून रक्त तोंडावर आलं होतं. ट्रॅक्टरवाला धावत आला, म्हणाला, "ताई, पोरगी बरी हाय न्हवं? टायर फुटलंय वो, मी तरी काय करू?" मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि पुढच्याच क्षणी स्वतःचा.

टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मूल कुठे बसलं होतं. मी म्हटलं, माझ्या मांडीवर, घट्ट धरून. त्या म्हणाल्या, "अहो, गाडी अशी थांबते तेव्हा एवढंसं लेकरू धान्याच्या पोत्यासारखं जड होतं. पैलवानाच्याही हातात राहायचं नाही. तुम्हीही बेल्टाशिवाय होतात आणि तरी जागेवर राहिलात, हे नशीबच समजा. तिच्या अंगावर गेला असतात तर?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस मला तेच दिसत राहिलं, मी माझ्या लेकीवर पडतेय.

घरी आल्यावर सासऱ्यांनी चादर ओढून काढली. खाली बक्कलं अगदी कोरी, एकदाही न लावलेली. चादरीला कात्री लावलेली आमच्या घरात चालत नाही. सासऱ्यांनी स्वतः ती लावली, बक्कलांपुरत्या भोकांना हाताने काठ शिवले आणि मला म्हणाले, "आता लाव." नवऱ्याने फोन माझ्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. अर्धा तास लवकर निघतो आता, पुढच्या गाडीपासून लांब राहतो. मी हळू म्हटलं तर गप्प ऐकतो. भीती मात्र कमी झाली नाही.

लेकीसाठी लहान मुलांची खुर्ची आणली. टाके निघाल्यावर पहिल्यांदा नणंदेकडे निघालो तेव्हा तिला त्या खुर्चीत बांधलं आणि शेजारी मी बसले, बेल्ट लावून. गाव सुटायच्या आत तिने रडायला सुरुवात केली. घे म्हणून दोन्ही हात पुढे केले. सासरे पुढून म्हणाले, "घे की जरा, गप्प होईल." माझा हात बक्कलापर्यंत गेलाही होता. मग मी तो मांडीखाली दाबून बसले.

ती रडून रडून दमली. मग हुंदके देत म्हणाली, "मम्मी, तू मला परत सोडशील?"

अपघाताबद्दल ती तोवर एक अक्षर बोलली नव्हती. मला सांगायचं होतं की मी सोडलं नव्हतं गं. पण तेवढं म्हटलं असतं, तर पुढच्याच क्षणी तिला उचलून घेतलं असतं.

"हो," मी म्हटलं, "मांडीवर घेतलं तर सोडेन."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतले.