पेडलखालचं लोखंड

सकाळपासून दाट धुकं होतं आणि गॅरेजवाले मिस्त्री गारठलेल्या हातांनी कार्बोरेटर धूत होते. गल्लीत त्यांना सगळे 'शंकोबा' म्हणत, कारण घरच्या दुधातही ते आधी पाणी शोधायचे.

तेवढ्यात त्यांच्या बायकोचा भाऊ एका विक्रेत्याला आणि त्याच्या पन्नास वर्षं जुन्या मोटारीला घेऊन आला. ती घेण्यापायी मेहुणा आपली पोटापाण्याची टॅक्सी विकायला निघाला होता.

"दाजी, वीस हजार किलोमीटरच चाललीय!"

"वडील फक्त रविवारी काढायचे," विक्रेता म्हणाला. "एका हातची गाडी आहे."

"हात एक असेल हो, पाय किती?" असं म्हणत मिस्त्री बॉनेट न उघडताच खाली वाकले. क्लचच्या पेडलवरचं रबर कोरं करकरीत होतं. त्यांनी ते ओढून काढलं. आतलं लोखंड एका बाजूनं झिजून पत्र्यासारखं पातळ झालं होतं.

"इतकं झिजायला नुसते रविवार पुरत नाहीत, साहेब. रबर बदललंत, लोखंड बदलायचं राहिलं."

विक्रेता घाईघाईनं गाडीच्या अस्सल रंगाबद्दल बोलू लागला. मेहुण्यानं खिशातली टॅक्सीची किल्ली चाचपली.

"टॅक्सीचे ब्रेक कुरकुरतायत, दुपारी घेऊन ये," असं त्याला सांगून मिस्त्री बॅटरीत पाणी भरायला गेले.