ताजा सीन, भरलेला सीन

माझ्या साडूंइतका वैताग देणारा माणूस हिंगोली जिल्हा झाल्यापासून इथे झालेला नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, जिल्हा व्हायच्या आधी कोण होतं? माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. कळमनुरीत त्यांचं पाइप आणि फवारणी पंपांचं दुकान आहे. वय साठीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे आणि छंद व्हिडिओ गेमचा. लेक पुण्याला ॲनिमेशन शिकायला गेली तेव्हा तिचं गेमचं यंत्र घरीच राहिलं. ते पडून खराब होऊ नये म्हणून दाजींनी एकदा लावून पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांच्याशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलणं मुश्किल झालं.

बरं, चार लोक खेळतात तसं जिंकण्यासाठी खेळावं की नाही? दाजींना लढाईत काडीचा रस नाही. त्यांचा जीव अडकलेला असतो मधल्या सीनमध्ये. गेम खेळता खेळता मधेच गोष्ट पुढे नेणारा एक सीन लागतो. तेवढा वेळ आपण काही करायचं नाही, नुसतं बघायचं. हे सीन दोन जातींचे असतात, हे ज्ञान जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मला या माणसाकडून, माझी इच्छा नसताना, मिळालं. एक जात आधीच मोठ्या कॉम्प्युटरवर तयार करून, सिनेमासारखी गेममध्ये भरून ठेवलेली. दुसरी, यंत्र त्याच क्षणी रंगवतं ती, आपण खेळवत असलेल्या त्याच माणसांना घेऊन. पहिलीला दाजी 'भरलेला सीन' म्हणतात, दुसरीला 'ताजा'. भरलेला कितीही देखणा असो, दाजींच्या मते ती शुद्ध फसवणूक. "आपण इतका वेळ तकलीफ घेऊन राहिलो, अन् त्याच्यात आपला मागमूस न्हाई," हे त्यांचं दुःख.

कुठला सीन कसला, हे ओळखायची त्यांची स्वतःची परीक्षा आहे. सीन येणार असा वास लागला की ते नायकाचं चिलखत उतरवतात, त्याला चड्डीवर आणतात आणि डोक्यावर कोंबडीच्या पिसांची टोपी चढवतात. सीनमध्ये टोपी टिकली तर ताजा. नायक पुन्हा चिलखतात झकपक उभा दिसला तर भरलेला, आणि मग दाजी बटण दाबून तो सीन सरळ पुढे हाकलतात. एकदा मी गेलो तेव्हा पडद्यावर म्हातारा राजा शेवटच्या घटका मोजत होता, राणीने हंबरडा फोडला होता, दरबार माना खाली घालून उभा होता, आणि उशाशी आमचे नायक चड्डीवर, पिसांची टोपी घालून ढसाढसा रडत होते. दाजी आनंदाने मांडी थोपटत होते. चहा आणलेल्या मेहुणीबाईंनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कप ठेवून निघून गेल्या.

हे घरापुरतं असतं तर मी बोललो नसतो. मी त्यांच्या वाढदिवसाला फोनवर फुलांचं तयार चित्र पाठवलं, तर भरलेलं आहे म्हणून त्यांनी ते मलाच परत पाठवलं. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडवात मोठा पडदा लावून नवरा-नवरीची आधी काढलेली फिल्म दाखवली. समुद्रकिनारा, पांढरा घोडा, कोट घातलेला नवरदेव. खरा नवरदेव मुंडावळ्या बांधून शेजारीच शिंकत बसला होता. दाजी एकदा पडद्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिले, आणि भर मांडवात त्याच्या बापाला म्हणाले, "सीनमधल्या पोराला सर्दी न्हाई." व्याही रुसले. त्यांची समजूत काढता काढता माझं जेवण राहिलं, आणि दाजी मात्र पंगतीत बसून तिसऱ्यांदा बुंदी मागत होते.

या दिवाळीआधी त्यांच्या लेकीचा मला फोन आला. पुण्यात ती एका गेमच्या कंपनीत लागली होती, आणि दिवाळीनंतर परदेशात दुसऱ्या नोकरीवर जाणार होती. तिने बनवलेला एक सीन नव्या गेममध्ये आला होता. भरलेला. "काका, बाबांना एकदा दाखवणार आहे," ती म्हणाली, "आणि ते जर नेहमीचं बोलले ना, तर परत कधीच काही दाखवणार नाही." तिचा आवाज ऐकून मला दाजींचाच राग आला. पोरीने डोळे फोडून काम करायचं आणि बापाने बटण दाबून हाकलून द्यायचं? मी ठरवलं की दाजींना सरळ थाप मारायची. पाडव्याच्या दुपारी, लेक घरी आलेली असताना, जाऊन बसलो आणि सांगितलं की पोरीचा सीन ताजा आहे. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि गेम लावून दिला.

दाजींनी खेळायला घेतलं. मला वाटलं होतं, लेकीच्या कामाची तरी परीक्षा घेणार नाहीत. कसचं काय! गेममधला प्रवासी घरापाशी पोचताच त्यांनी त्याला पिसांची टोपी घातली. सीन लागला. पहाट. उंबऱ्यात म्हातारा बाप दिवा घेऊन उभा, वाऱ्याने ज्योत हलतेय, ती विझू नये म्हणून त्याने हात आडवा धरलाय. प्रवासी वाकून पाया पडतो आणि वळून न बघता चालू लागतो. त्याच्या डोक्यावर काहीही नव्हतं.

दाजींचा अंगठा बटणावर होता. लेक जमिनीकडे बघत होती. मला येतात तेवढ्या शिव्या मी मनातल्या मनात दाजींना देऊन घेतल्या.

"बराबर हाय," दाजी सावकाश म्हणाले. "असली टोपी घालून कोणी बापाच्या पाया पडतं व्हय? काढूनच ठेवली आसंल त्यानं."

"बाबा, तो भरलेलाच आहे," लेक म्हणाली.

"ठावं हाय मला. गुरुजीला लबाड बोलता येत न्हाई." मग बटणावरचा अंगठा काढून म्हणाले, "पुन्हा लाव."

ती गेली त्याला आता बरेच दिवस झाले. परवा बाजाराच्या दिवशी मी कळमनुरीला गेलो तर दुकान बंद, आणि दाजी घरी गेम लावून बसलेले. पडद्यावर तेच घर, तोच उंबरा. त्यांनी खेळ तिथेच अडवून ठेवलाय. सीन बघतात, यंत्र बंद करतात, पुन्हा लावतात. एवढा मोठा गेम पुढे पडलाय, माणूस एक पाऊल सरकत नाही. मला चीड आली. दुकान टाकून हे काय चाललंय, पुढे काहून जात नाही, असं मी जरा जोरातच विचारलं.

"पुढं गेलं की ह्यो पुन्हा लागत न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "फोनवर दिसते ती रोज. पण रोज येगळी दिसते. बारीक झाली, केस कापले, बोलता बोलता तिकडल्या कोणाला तरी हात करते. ह्ये तिनं इथं असताना केलेलं हाय. ह्याच्यात काई बदलत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. मी चप्पल काढून आत गेलो, त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, लावा.