तळ्याकाठचं फुकट अळू

एका रविवारी दुपारी माझ्या हातचं जेवून आमच्या घरातली चारही माणसं मुकी झाली. थोड्या वेळाने घरमालक वर आले, आणि तेही झाले.

माझा हेतू वाईट नव्हता. तो कधीच नसतो. स्वयंपाक करताना मी तिथे असतेच असं नाही, एवढंच. हात कढईपाशी आणि मी खिडकीबाहेर, अशी माझी लहानपणापासूनची विभागणी आहे. (माझी आई म्हणायची, "हिच्या हातची पोळी करपली, तर समजायचं बाहेर ढग चांगले होते.")

आम्ही कोलकात्याजवळ बराकपूरला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आम्ही म्हणजे मी, नवरा शिरीष, तेरा वर्षांची मुक्ता आणि माझे सासरे अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. खाली घरमालक दत्तबाबू आणि त्यांची बायको. मागे तळं. बंगालीत काकांना 'काकू' म्हणतात. त्यामुळे अण्णा पहिल्यांदा इथे राहायला आले आणि मुक्ताने "अण्णा, खाली दत्तकाकू बोलावताहेत" असं सांगितलं, तेव्हा ते अंगात स्वच्छ सदरा घालून, भांग पाडून, मोठ्या अदबीने खाली गेले आणि समोर भरघोस मिशा बघून तसेच परत आले!

तर त्या वर्षी शिरीषच्या एस्प्लनेडच्या ऑफिसने सगळ्यांचे पगार निम्मे केले. 'तात्पुरतं आहे' म्हणाले. तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे किती टिकाऊ असतात, हे सांगायला नको. त्या संध्याकाळी शिरीष गाडीतून उतरून घरी आला तो खर्चाचा हिशोब मांडत बसला. चहा झाला, तरी हिशोब चालूच. मग मीच जाहीर केलं, "हे बघ, वाढती मुलगी आहे, अण्णांना साखर आहे. बाकी कुठेही काटकसर करू, पोषणात कपात नाही!"

"मग भागवायचं कसं?"

"कल्पनाशक्तीने."

"ती तुझ्याकडे भरपूर आहे," शिरीष म्हणाला. कौतुकाने म्हणाला की धास्तीने, ते मला अजून कळलेलं नाही.

मी कामाला लागले. सकाळी ताकात कालवलेलं सातूचं पीठ. दुपारी डाळ आणि पालेभाजी. मधल्या वेळी मोड आलेले हरभरे. बाजारात जायचं ते बाजार उठायच्या वेळी, म्हणजे भाजीवाले कंटाळलेले असतात आणि भाजीही. दुधी आणला तर त्याचं काहीही वाया घालवायचं नाही, असा दंडक केला. पहिल्या दिवशी ताटात चटणी बघून मुक्ताने विचारलं, "आई, ही कसली?"

"दुधीच्या सालांची."

"आणि दुधी?"

"तो उद्या."

"परवा बिया असतील," अण्णा शांतपणे म्हणाले.

"हो. भाजून!" मी म्हटलं. (मला वाटलं होतं, त्यांना आवडेल.)

खरं सांगते, ते दिवस मला फार सुंदर वाटत होते. नुकतीच थंडी पडायला लागली होती. दुपारचं ऊन पातळ ताकासारखं भिंतीवर सांडलेलं असायचं. मोड आलेल्या हरभऱ्यांच्या फडक्याची गाठ सोडताना मला वाटायचं, आपण काहीतरी थोर करतोय. चार पानं वाढावीत, सगळ्यांचे गाल गुलाबी व्हावेत आणि पगार निम्मा झालाय हे फक्त ऑफिसला ठाऊक असावं!

मुक्ता मात्र शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून ओरडायची, "आई, मला भूक पावली!"

"देव पावतो गं बाळा," अण्णा व्याकरण सुधारायचे. "भूक लागते."

"अण्णा, बंगालीत पावतेच!"

"हल्ली मराठीतही पावायला लागलीय," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणायचे.

अशात एक दिवस जिन्यात दत्तकाकूंनी शिरीषला गाठलं. भाड्याबद्दल जरा बोलायचं आहे, रविवारी जेवणं झाली की वर येतो म्हणाले. भाडं वाढलं असतं तर दुधीच्या बियासुद्धा परवडल्या नसत्या. शिरीषने भाषणाची तयारी सुरू केली. मुक्ता त्याला बंगाली शिकवत होती आणि अण्णा अभिनय. "आवाज छातीतून काढ," अण्णा सांगायचे. "समोरच्याला वाटलं पाहिजे की या माणसाकडे बोलायला पुष्कळ आहे." शेवटी दोन शब्द अण्णाही बोलणार होते. सगळी भिस्त वाणीवर होती.

रविवारी सकाळी मी तळ्यावर गेले. पाण्यावर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता, त्यामुळे तळ्याला दुसरा काठ नाहीच असं वाटत होतं. एक खंड्या निळ्या रेघेसारखा आला आणि गेला. आणि काठाने, चिखलातून, हे एवढालं अळू! पानापानावर दवाचा एकेक थेंब गोल फिरत होता. बंगालात त्याला कोचू म्हणतात आणि मिटक्या मारत खातात. डोळ्यांसाठी उत्तम, रक्तासाठी उत्तम, आणि फुकट! मी भान हरपून कापत सुटले. मनात मी तेव्हा बराकपूरच्या सगळ्या अर्ध्या पगारांना जेवू घालत होते. कमळाच्या पानावर बसून, हातात पळी घेऊन.

खालच्या खिडकीतून दत्तकाकूंची बायको, म्हणजे आमच्या काकीमा, काहीतरी ओरडत होत्या. मी हसून हात हलवला. त्या आणखी जोरात ओरडल्या. मी दोन्ही हात हलवले.

घरी येऊन फोडणी केली. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, इवलासा गूळ. चिंच वाटीत भिजत घातली होती, खिडकीच्या कट्ट्यावर. ती घालायला वळले, तर धुकं विरत होतं आणि पलीकडचा काठ झाड-झाड करून उगवत होता. आधी एक नारळ, मग दुसरा, मग कोणाचं तरी वाळत घातलेलं लाल लुगडं... ते सगळं येऊन पोचेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग भाजी उतरवली. चिंच जिथे होती तिथेच राहिली.

"वा!" पहिल्या घासाला अण्णा म्हणाले. "थेट लग्नातल्या पंगतीतलं फदफदं!" सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. दुधीच्या सालांनंतर माणसं कशावरही प्रेम करतात.

आधी मुक्ता थांबली. तिने जीभ बाहेर काढून बघायचा प्रयत्न केला. मग शिरीषने गळा खाजवला, बाहेरून. आतून खाजवायची सोय देवाने केलेली नाही! मग माझ्या घशात कोणीतरी मूठभर बारीक काटे सोडले. अण्णांनी "सूनबाई" अशी हाक मारली, ती "हुंबाई" अशी निघाली. पाणी प्यायलो, तर खाज आणखी फुलली. पाहता पाहता चार जिभा जाड झाल्या, आठ डोळ्यांतून धारा लागल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ते इतकं शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं.

आणि दार वाजलं.

दत्तकाकू कडक इस्त्रीच्या धोतरात उभे होते. चेहराही तसाच. आत आले, आणि थबकले. अण्णा डोकं धरून बसलेले. मुक्ता तोंडावर हात दाबून हुंदके दिल्यासारखी. मी पदर डोळ्यांना लावलेला.

"की होलो? घर में सब भालो?" त्यांनी विचारलं.

शिरीषने मान हलवली. नाही.

"कोई मारा गया?"

पुन्हा नाही. आपल्याला बोलता येत नाही हे सांगायला शिरीषने गळ्यावरून बोट आडवं फिरवलं.

"नौकरी!" दत्तकाकू खुर्चीत कोसळले. "नौकरी चला गया?"

आता यावर मान हलवावी तर कशी? शिरीषचं ऑफिस, निम्मा पगार, भाषण, सगळं एकदम त्याच्या घशाशी आलं आणि तिथेच अडकलं. तोंडातून फक्त एक "घ्घ्घ" निघाला. इतका करुण आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता.

"छी छी छी," दत्तकाकूंचे डोळे भरून आले. "और हाम भाड़ा बढ़ाने आया था! ना ना, भाड़ा का बात छोड़ो. एक पैसा नहीं बढ़ेगा. बुड्ढा बाप, छोटा मेये... खाना तो खाया?"

हा सगळा प्रताप कशाचा आहे हे सांगायला मी जिवाच्या आकांताने भाजीच्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

"देखो!" ते गहिवरून म्हणाले. "ऐसे दुख में भी अतिथि को पूछता है!" आणि पातेल्यात डोकावले. "अरे! कोचू शाक!"

आम्ही चौघेही उठलो. शिरीषने पातेलं ओढलं. मुक्ताने झाकण घातलं. अण्णा मधे आडवे झाले. पण दत्तकाकूंची समजूत अशी, की घरात एवढंच उरलंय म्हणून ही माणसं लाजताहेत! "तुम्हारा मान रखने के लिए, बस थोड़ा सा," म्हणत त्यांनी वाटीभर वाढून घेतलं, आणि आमच्या डोळ्यांत डोळे घालून, एकेक घास चावून, संपवलं.

नंतरची शांतता मला अजून आठवते. तळ्यावरून वारा येत होता. पडदा हलत होता. पाच माणसं गोल बसून एकमेकांकडे ओल्या डोळ्यांनी बघत होती. कोणाला काही सांगायचं नव्हतं, कोणाचं काही ऐकायचं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, इथे भजन आत्ताच संपलंय. त्या जळत्या घशानेही मला क्षणभर वाटलं, संसार असाच असावा!

नवरा परत येईना म्हणून काकीमा वर आल्या. एक नजर पातेल्यावर, एक नवऱ्यावर. पुढच्याच क्षणी त्यांना खिडकीतली चिंच दिसली. ती वाटी पाचजणांत फिरली. वर लिंबं चोखायला दिली. आणि मग त्या जे बोलल्या, त्याचा मथितार्थ असा: ते रानकोचू आहे, खाऊ नकोस म्हणून मी घसा फोडून सांगत होते, आणि ही बाई मला टाटा करत होती!

दुसऱ्या दिवशी आवाज फुटल्यावर शिरीष प्रामाणिकपणे खाली गेला. नोकरी गेलेली नाही, पगार फक्त निम्मा झालाय, गैरसमज झाला, असं सगळं सांगितलं. मी जिन्यात कान देऊन उभी.

दत्तकाकूंनी आधी गल्लीकडची खिडकी लावून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "देखो शिरीषबाबू. भाड़ा नहीं बढ़ेगा. लेकिन बंगाली आदमी को कोचू से गला पकड़ा, ये बात गली में किसी को नहीं बोलना."

आम्ही अक्षर बोललो नाही. काकीमांनी मात्र कोणाला वचन दिलेलं नव्हतं. आठवड्याभरात गल्लीला सगळं ठाऊक झालं.

आणि एका सकाळी मागच्या गल्लीतली सोमा आली. तीही भाडेकरू, दोन लहान मुलं, नवऱ्याचं काम असंच अधूनमधून. लाजत लाजत म्हणाली, "दीदी, रविवारी आमचे घरमालक यायचेत. तुमचं ते शाक... एक डबा कराल? चिंच नका घालू."

आयुष्यात माझ्या हातच्या पदार्थाला आलेली ही पहिली मागणी! नाही कसं म्हणणार? पण जाणूनबुजून एखाद्याच्या घशात काटे कसे घालणार? मी रात्रभर विचार केला, आणि सकाळी बाजारातून चांगलं अळू आणलं. खिडकी बंद केली. पडदा ओढला. चिंच दोनदा घातली. डाळ बोटाने दाबून पाहिली. पहिल्यांदाच मी पूर्ण वेळ कढईपाशी हजर होते. म्हटलं, चांगलं खाऊन माणूस खूश होईल, आपणहून विरघळेल.

रविवारी सोमाकडे तिच्या घरमालकांनी तीनदा वाढून घेतलं. बोटं चाटली. हात धुऊन आले आणि सोमाच्या नवऱ्याला म्हणाले, "रोज इतकं छान जेवणाऱ्यांना थोडं जास्त भाडं काही जड नाही!"

उभ्या जन्मात मी भानावर राहून केलेला हा एकच स्वयंपाक. त्याचे पैसे सोमा अजून दर महिन्याला भरतेय!