मास्तरांचे तेवीस ओहम

मास्तरांच्या साठीच्या सत्काराला निघणाऱ्या पुस्तकासाठी लेख पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल समितीच्या मंडळींनी मला माफ करावे. तीन वेळा लिहिला आणि तिन्ही वेळा फाडला. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. गौरवाचे कसे लिहितात ते नीट ठाऊक नाही. शिवाय लिहायला बसले की संताप येतो. आता पुस्तक छापायला गेले असेल की काय, या धास्तीने हा कागद पुरा करीत आहे.

श्री. केशवराव टाकळकर मास्तरांची आणि माझी पहिली गाठ पिंपरीच्या कारखान्यात पडली. कारखाना नवा उभा राहत होता. मी देहूरोडचे वायरमनचे काम सोडून आलो होतो. वयाने मी त्यांच्याहून वर्षभराने मोठा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "ही शेगडी किती वीज खाते?" मी वायर हाताला किती गरम लागते ते पाहिले आणि म्हणालो, "बरीच खाते."

मास्तर हसले नाहीत. "बरीच म्हणजे किती? हाताला आकडा सांगता येत नाही, सखाराम."

ते विजेच्या कामावरचे कारागीर; पण रविवारी सकाळी आम्हा कामगारांचा वर्ग घेत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. एका फळीवर शेगडीची कॉइल, एक व्होल्टमीटर आणि एक अ‍ॅमीटर, एवढेच सामान. व्होल्टला अ‍ॅम्पिअरने भागले की ओहम, म्हणजे तार विजेला किती अडवते ते. व्होल्टला अ‍ॅम्पिअरने गुणले की वॉट, म्हणजे ती किती शक्ती घेते ते. चिखलीचा गेनू मला चिडवायचा, "काय राव, नातवाची पाटी आणली व्हय?" मी म्हणायचो, "आणली. तुला उत्तर येईना, म्हणून म्या आणली."

मला दशांशचिन्ह जमत नसे, पण पावकी-निमकी तोंडपाठ होती. दुसऱ्या कोणी मला उठवून लावले असते. मास्तर म्हणाले, "पावणेसहा आले तर पावणेसहा लिहा. उत्तर तेच आहे." पन्नाशी उलटलेल्या माणसाचा असा मान कोण ठेवतो?

आता ज्यासाठी हा कागद लिहिला ते सांगतो. मागच्या शेडमध्ये माल वाळवायची विजेची भट्टी होती. तिची कॉइल मास्तरांनी स्वतः गुंडाळली होती. तेवीस ओहमची, दोनशे तीस व्होल्टवर दहा अ‍ॅम्पिअर घेणारी, म्हणजे तेवीसशे वॉटची. पण भट्टी तापेना, माल ओला राहू लागला. कारखान्याच्या साहेबांनी मला मोजून कागद द्यायला सांगितले. मी शेडमध्ये प्रवाह मोजला, तो आठ अ‍ॅम्पिअर भरला. व्होल्ट मात्र दूरच्या मेन बोर्डावर वाचले, दोनशे तीस. तो मीटर मोठा होता आणि माझ्या डोळ्यांना दिसत होता. भागाकार केला, पावणेएकोणतीस ओहम आले. खाली सही केली.

त्या कागदावरून साहेबांनी मास्तरांच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा मारला: कॉइल चुकीची गुंडाळली.

मग मास्तरांनी स्वतः व्होल्ट भट्टीपाशी मोजले. ते एकशे चौऱ्याऐंशी भरले. आठने भागले की बरोबर तेवीस. कॉइल चोख होती. भट्टीला फक्त चौदाशे बहात्तर वॉट मिळत होते, कारण शेहेचाळीस व्होल्ट वाटेतली वायरच खात होती. ती बारीक वायर मास्तर नको म्हणत असताना साहेबांनीच घालायला लावली होती.

"बोर्डावरचा मीटर काय खोटा बोलतो?" मास्तरांनी हे आकडे दाखवताच साहेब ओरडले.

"नाही साहेब. तो बोर्डाचे खरे सांगतो. भट्टीचे भट्टीपाशीच विचारावे लागते."

मी शेजारी उभा होतो. बाहेर आल्यावर म्हणालो, "मास्तर, माझं चुकलं. मी आत्ता सायबाला सांगतो."

"भागाकार बरोबर आहे तुमचा. आकडे दोन जागांचे घेतलेत," मास्तर म्हणाले. "आज सांगितलेत तर उद्या तुम्हाला काढतील. घरात खाणारी तोंडे किती?"

सात होती. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग अजून माझ्याच अंगाला चावतो.

पुढे साहेबांनी गुपचूप जाड वायर घातली आणि त्याच कॉइलवर भट्टी तापू लागली. शेरा मात्र तसाच राहिला. आता कारखान्यात काम शिकायला येणाऱ्या उमेदवारांचा शिकवणी वर्ग निघतो आहे. साठीनंतर तिथे शिकवावे, ही मास्तरांची एकच इच्छा. त्यांच्या अर्जाला उत्तर आले की नोकरीच्या पुस्तकात शेरा असल्याने विचार करता येत नाही. आणि त्यांच्या सत्काराचे अध्यक्ष कोण? तेच साहेब! तेच शाल घालणार, तेच "कसबी कारागीर" म्हणून भाषण करणार, आणि आपण टाळ्या वाजवणार. मंडळी, लाज वाटत नाही का?

माझी चूक मी या कागदावर सहीनिशी कबूल करतो. गेल्या वर्षी मी नोकरीतून सुटलो, आता माझे कोणी काही काढून घेऊ शकत नाही. हे दोन्ही भागाकार लेखात छापा आणि सत्काराच्या आधी साहेबांपुढे ठेवा.

मास्तरांची नजर आणि हात असेच शाबूत राहोत. त्यांना आयुष्य लांब मिळो, आणि ते शालीत गुंडाळून बसण्यात नको, फळीसमोर उभे राहून शिकवण्यात जावो.

शेरा खोडला की नाही, ते पोस्टकार्डाने कळवा. नाही कळवलेत तर मी मंडपात उठून, साहेबांच्या तोंडावर, मोठ्याने भागाकार करीन. मास्तरांना फार संकोच होईल, म्हणून माझ्यावर ती पाळी आणू नका. लवकर कळवा.