सुपरवायझर सोडत न्हाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव शेठला मी सांगितलं.

बेळगावच्या बाजूला एका काजू कारखान्यात मी सुपरवायझर होतो. आक्काला तिथं मीच लावलं होतं. चाळीस बायका, लांब बाकं, डोक्याला पांढऱ्या टोप्या. सकाळी आठला काजू सोलायला बसायचं, दीडला उठायचं. मध्ये संडासला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

त्या दिवशी शेठ आत आले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"खायचा माल हाय ह्यो. वास कुणाचा मारतोय?"

मला माहीत होतं. आक्काच्या पिशवीत रोज एक जादा साडी असायची. शेठनी मला बाहेर बोलावलं, म्हणाले, "नाव सांग, न्हायतर तू बी घरी बस."

मी सांगितलं.

त्यांनी आक्काला सगळ्यांसमोर उभं केलं. साडी मागून ओली होती. "पदरानं पूस ते बाक." तिनं पुसलं. पन्नाशीची बाई. मी वजनकाट्याकडं बघत राहिलो. त्याच दिवशी तिला मागच्या शेडात टरफलं भरायला घातलं.

संध्याकाळी वाटेत ती म्हणाली, "शांतानंच सांगितलं रं. तिलाच तेवढं म्हाईत होतं."

शांता तिच्या शेजारी बसणारी. लहानपणापासूनची मैत्रीण. मी म्हणालो, "व्हय, तिनंच."

नाव सांगताना मी भ्यालो होतो. हे बोलताना कुणी दम दिला नव्हता.

आक्कानं शांताशी बोलणं टाकलं. वर्षभरानं तिनं मला दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरीणबाई कन्नड बोलणाऱ्या आणि आक्काचं कन्नड बाजारापुरतं. म्हणून मध्ये मी. बहिणीच्या अंगाचं दुखणं भावानं इकडून तिकडं सांगायचं. आम्ही दोघं भिंतीकडं बघून बोलत होतो.

"धाकट्याच्या बाळंतपणापास्नं हाय. खोकलं, शिंकलं की सुटतंय."

बाईंनी विचारलं, कामावर किती वेळ न जाता बसता?

"आठ ते दीड. मधी सुपरवायझर सोडत न्हाय."

मी ते कन्नडात सांगितलं. तो सुपरवायझर कोण, ते सांगितलं नाही.

बाईंचा पेन थांबला. त्या म्हणाल्या, "त्या माणसाला सांगा, तो सोडणार नसेल तर मी सांगते त्याचा निम्मा उपयोग नाही."

हे आक्काला मराठीत सांगायचंही माझ्याच वाट्याला.

"बाईस्नी सांग," आक्का म्हणाली, "पोचलं म्हणून."

ऑपरेशनची गरज नव्हती. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, जमेल तितके आकडे मोजायचे, सैल सोडायचे. दहादा. दिवसातून तीन वेळा. तीन महिने तरी. चहा कमी. आणि घड्याळ लावून जायचं. आधी तासाला, मग हळूहळू वेळ वाढवायची. एवढंच. एवढ्यासाठी ती इतकी वर्षं जादा साडी घेऊन फिरली.

दुसऱ्या दिवशी दहाला मी कुलूप काढलं. "जिला जायाचं तिनं जावा." कुणी हललं नाही. त्यांना तो सापळा वाटला. मग शांता उठली. तिच्यामागं बाकीच्या.

शेठ आले. "कुणाला इचारून?"

"कुणाला न्हाय."

"किल्ली दे."

"देणार न्हाय."

मला तिथल्या तिथं बॉयलरवर घातलं. दुपारी दुसरा माणूस नवं कुलूप घेऊन आला तेव्हा चाळीसच्या चाळीस बायका काम टाकून दारात उभ्या राहिल्या. कुलूप लागलं नाही. आठवड्यात त्या बायकांनीच आक्कालाही मागच्या शेडातून आत आणून बसवलं.

आता आक्का बरेच दिवस कोरडी असते. मोठा खोकला आला तर अजून होतं. व्यायाम ती सोडत नाही. पण ती बाकाच्या ह्या टोकाला, शांता त्या टोकाला. बायका मला भला माणूस म्हणतात, आणि मी ऐकून घेतो.

आता ऐकून घेणार नाही. शांतानं काही सांगितलं नव्हतं, हे मला आक्काला सांगायचं आहे, शांता समोर असताना. सोमवारी सांगणार. मग आक्कानं माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल. त्या दोघींचं एवढं देणं माझ्याकडं राहिलंय.